फुप्फुसातील हरवलेली गाठ

वस्तू घरातच आहे हे पक्के ठाऊक असावे, ती कोणत्या खोलीत आहे तेही आठवत असावे, आणि तरीही ती हाती लागू नये, असा अनुभव कोणाला येत नाही? घरातील किल्ली किंवा चष्मा असा हरवला तर फार तर अर्धा तास फुकट जातो. परंतु हाच प्रसंग शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी ओढवला तर? रोग्याला भूल दिलेली आहे, बरगड्यांच्या मधून लहान छिद्रे पाडून कॅमेऱ्याची नळी छातीत सोडलेली आहे, समोरच्या पडद्यावर फुप्फुस स्वच्छ दिसते आहे. आणि ज्या गाठीसाठी हा सारा खटाटोप आरंभिला, ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ मात्र कोठेच दिसत नाही. ती नाहीशी झाली आहे असे नव्हे. काही दिवसांपूर्वी घेतलेल्या सीटी स्कॅनच्या चित्रात ती स्पष्ट उमटलेली आहे. ती फुप्फुसाच्या आत, पृष्ठभागापासून बोटभर खोल दडून बसली आहे, आणि वरून पाहणाऱ्याला तिचा मागमूसही लागत नाही.

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेपुढे गेल्या तीन-चार दशकांत उभी राहिलेली ही अडचण तशी नवीच म्हटली पाहिजे. नवी अशासाठी, की पूर्वी इतकी लहान गाठ कोणाला दिसतच नसे. मग ती हरवणार कोठून?

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाच्या छातीत प्रथमच नजर पोहोचली. परंतु क्ष-किरणांचे साधे छायाचित्र म्हणजे अखेर सावलीच. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या या सर्वांच्या सावल्या तीत एकावर एक पडतात, आणि सेंटिमीटरभराच्या आतली गाठ त्यांच्या गर्दीत बहुधा निसटते. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे काप चित्ररूपाने दाखविले. पुढे तेच यंत्र सर्व शरीराला लागू झाले. पाव कापून त्याची एकेक चकती पाहावी त्याप्रमाणे छातीची चकती-चकती पाहता येऊ लागली आणि चार-पाच मिलिमीटरांची गाठही लपून राहिनाशी झाली. हाऊन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना या कार्याबद्दल १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जितके उपकारक तितकेच संकटात टाकणारे ठरले. अमेरिकेत दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. साध्या क्ष-किरण चित्राऐवजी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी आढळले. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच पाहणीत असेही दिसले, की सीटी स्कॅनने संशयास्पद ठरविलेल्या निष्कर्षांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक ठिकाणी अखेरीस कर्करोग निघाला नाही. जुन्या जखमेचा व्रण, बरी झालेली क्षयाची गाठ, एखादी निरुपद्रवी लसिकाग्रंथी, असे काहीबाही तेथे असते. आपल्या देशात तर क्षयाचा वावर इतका जुना आहे, की छातीत गाठ दिसली म्हणजे प्रथम त्याचीच आठवण व्हावी. २०२०-२१ च्या साथीत लहान-लहान शहरांतूनही छातीचे सीटी स्कॅन मोठ्या प्रमाणावर झाले. खोकल्या-तापासाठी तपासून घ्यावयास गेलेला माणूस त्या रोगातून बरा होऊन आला खरा, पण येताना ‘उजव्या फुप्फुसात आठ मिलिमीटरची गाठ’ अशी एक ओळ बरोबर घेऊन आला, असेही घडले.

अशा बहुतेक गाठींना चाकू लावावा लागत नाही. काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा चित्र काढावयाचे आणि ती वाढते आहे की काय एवढे पाहावयाचे, इतकेच पुरते. परंतु जी वाढते, किंवा जिचे रूप पहिल्यापासूनच चांगले नसते, तिचा निकाल लावणे भाग पडते. सुईने तिच्यातील कण काढावा म्हटले तर इतक्या लहान गाठीत सुई बसतेच असे नाही. मग ती समूळ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. हरवलेल्या गाठीची कथा येथून सुरू होते.

जुन्या शस्त्रवैद्याला ही अडचण नव्हती, कारण त्याच्यापाशी हात होता. बरगड्या फाकवून छाती उघडली, की तो आपला पंजा आत घाली आणि मिटलेले फुप्फुस बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू चाचपीत जाई. तांदूळ निवडताना बारीक खडा जसा बोटाला आपोआप लागतो, किंवा पीठ मळताना राहिलेली गुठळी जशी हाताला कळते, तशी ती गाठ त्याला कळे. परंतु या हाताला वाट करून देण्यासाठी रोग्याला किंमत मोजावी लागे. बरगड्या फाकविल्याने होणारी वेदना आठवडेच्या आठवडे छळते, काहींना ती महिनोन् महिने सोडीत नाही. आणि वेदनेपोटी जो मोकळा श्वास घेत नाही, जोराने खोकत नाही, त्याच्या फुप्फुसात कफ साठून नवेच दुखणे उद्भवते.

छातीत नळी घालून पाहण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनमधील याकोबेउस यांनी १९१० सालीच ती अमलात आणली होती. तथापि लहान कॅमेरा, चांगला पडदा आणि फुप्फुस कापता-कापता टाके घालीत जाणारे उपकरण ही तिन्ही एकत्र आली ती १९९० च्या सुमारास, आणि तेव्हापासून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा प्रसार झपाट्याने झाला. रोगी चार दिवसांत घरी जाऊ लागले. डोळ्यांना पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले, परंतु हात बाहेर राहिला. एखाद्या छिद्रातून एक बोट कसेबसे आत जाते आणि जेथे पोहोचते तेवढेच चाचपते. यंत्रहस्ताने होणाऱ्या शस्त्रक्रियेत तर बहुतेक ठिकाणी तेवढाही स्पर्श उरलेला नाही. १९९९ साली जपानी शस्त्रवैद्यांनी आपल्या रोग्यांचा हिशेब मांडला. गाठ १० मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल आणि पृष्ठभागापासून ५ मिलिमीटरांहून अधिक खोल असेल, तर ती न सापडण्याची शक्यता ६३ टक्के आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे तिघांपैकी जवळजवळ दोघांच्या बाबतीत शोध फसावयाचा!

न सापडली तर काय होते? दोन वाटा उरतात. एक म्हणजे दुर्बीण बाजूला ठेवून जुन्या रीतीने छाती उघडणे. दुसरी म्हणजे गाठ ज्या खंडात आहे तो फुप्फुसाचा अख्खा खंड काढून टाकणे; उंदीर कोणत्या फडताळात आहे ते कळत नाही म्हणून सारी खोलीच पाडण्यासारखा हा प्रकार. उजव्या फुप्फुसाला तीन खंड असतात आणि डाव्याला दोन. त्यांतील एक कायमचा गेला तर धट्टाकट्टा माणूस तो तोटा सोसतो, परंतु सत्तरीच्या, दम लागणाऱ्या माणसाला जिना चढणे जड होते. आणि एवढे करून ती गाठ साध्या क्षयाची निघाली, तर त्या रोग्याला काय सांगावे?

फुप्फुसाचा भाग किती काढावा, हा प्रश्न या शस्त्रक्रियेच्या जन्मापासून तिच्या मागे लागलेला आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुई येथे एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी एका डॉक्टर रोग्याचे डावे फुप्फुस कर्करोगासाठी संपूर्ण काढले. बेत होता एकच खंड काढण्याचा; छाती उघडल्यावर रोग पुढे सरकलेला दिसला आणि जागच्या जागी निर्णय बदलला. तो रोगी त्यानंतर तीस वर्षे जगला. खुद्द ग्रॅहॅम पुढे तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणाऱ्या १९५० च्या एका प्रसिद्ध संशोधनात सहभागी झाले, परंतु स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढल्यानंतर. आणि १९५७ साली त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. रोगी मागे राहिला आणि शस्त्रवैद्य आधी गेला.

संपूर्ण फुप्फुसावरून पुढे शस्त्रवैद्य एका खंडावर आले आणि तेथे पुष्कळ वर्षे थांबले. त्याहून कमी काढले तर रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका तुलनेत आढळले होते. परंतु त्या वेळच्या गाठी आजच्या मानाने मोठ्या होत्या. २०२२ साली जपानमधून १,१०६ रोग्यांची नवी तुलना प्रसिद्ध झाली. २ सेंटिमीटरांपर्यंतच्या गाठींसाठी संपूर्ण खंड न काढता त्याचा केवळ एक उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के रोगी पाच वर्षांनंतर हयात होते. संपूर्ण खंड काढलेल्यांत हेच प्रमाण ९१.१ टक्के होते. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील ६९७ रोग्यांच्या अभ्यासातही, कमी काढल्याने रोग्याचे नुकसान होत नाही, असेच दिसून आले. तेव्हा लहान गाठीसाठी थोडके काढावे, हा विचार आता केवळ दयेचा राहिलेला नाही. त्याला पुराव्याचा आधार आहे. मात्र थोडके काढावयाचे तर गाठ नेमकी कोठे आहे हे कळलेच पाहिजे, आणि तिच्या सभोवती निरोगी भागाची पुरेशी पट्टी सुटली पाहिजे. ती पट्टी गाठीच्या व्यासाएवढी तरी असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. न दिसणाऱ्या वस्तूभोवती मोजून पट्टी कशी सोडावयाची?

यावर अनेक उपाय निघाले. शस्त्रक्रियेच्या आधी सीटी स्कॅनच्या खोलीत रोग्याला झोपवून बाहेरून एक आकड्याची बारीक तार गाठीपर्यंत पोहोचवावयाची, ही सर्वांत परिचित रीत. कोणी तारेऐवजी निळा रंग टोचतात, कोणी धातूचे सूक्ष्म वेटोळे ठेवतात, कोणी हिरवा रंग देऊन तो विशिष्ट प्रकाशात चमकताना पाहतात. या रीती उपयोगी आहेत आणि अनेक रुग्णालयांतून त्या चालतात. परंतु तार घातलेला रोगी त्या खोलीतून शस्त्रक्रियेच्या दालनापर्यंत न्यावयाचा, मध्ये वाट पाहावी लागली तर तसाच ठेवावयाचा, हे काम नाजूक. तार निसटते. टोचल्या जागेतून हवा सुटून फुप्फुस दबते. रंग घटकेत पसरून भलताच भाग निळा करून सोडतो. क्वचित, फारच क्वचित, हवेचा बुडबुडा रक्तात शिरून प्राणावर बेतते. यांतील एकही गोष्ट न करता, टेबलावरच्या टेबलावर, त्याच क्षणी गाठ पाहता आली तर? ध्वनीचा विचार पुढे आला तो येथे.

ध्वनी आणि फुप्फुस यांचा संबंध वैद्यकात फार जुना आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ गावच्या एका खानावळवाल्याचा मुलगा, लिओपोल्ड आउएनब्रुगर, याने १७६१ साली छातीवर बोटाने टकटक करून रोग ओळखण्याची रीत एका लहानशा लॅटिन पुस्तकात मांडली. वडिलांच्या तळघरातील मद्याची पिंपे किती भरली आहेत हे ठोकून पाहण्याच्या सवयीतून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. आपल्याकडे मडके घेताना टिचकी मारून वाजवून घेतात, त्यातलाच हा प्रकार. हवा भरलेले फुप्फुस घुमते, पाणी साचले तर बद्द आवाज देते. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि आजच्या स्टेथॉस्कोपचा आरंभ झाला. म्हणजे फुप्फुसाचे निदान प्रथम केले ते कानाने, आणि तेही फुप्फुसात हवा आहे म्हणूनच साधले.

सोनोग्राफीचे नाते नेमके उलटे आहे. हवा हा तिचा शत्रू.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडील श्राव्यातीत ध्वनी निर्माण करण्याची किल्ली १८८० साली क्यूरी बंधूंना सापडली. काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते, आणि उलट, वीज दिली असता ते थरथरतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लांजव्हँ यांनी असा स्फटिक समुद्रात बुडवून पाणबुडीचा माग काढण्याचा प्रयोग केला. डोंगरकड्यासमोर हाक मारली असता ती परत यावयास जितका वेळ लागतो त्यावरून कड्याचे अंतर सांगता येते; तत्त्व इतके साधे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनल्ड यांनी १९५५ साली, रोग्यांच्या पोटातून काढलेल्या गाठी मोटारीतून बॉयलरच्या एका कारखान्यात नेल्या आणि धातूतील भेगा शोधण्याचे तेथील यंत्र त्यांवर चालवून पाहिले. १९५८ साली त्यांचा सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला आणि गर्भवतीची सोनोग्राफी जगभर पोहोचली.

परंतु छातीशी येऊन या विद्येची वाट अडली. मऊ मांसातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. हवेत त्याचा वेग जेमतेम ३४० मीटर, आणि हवा मांसाच्या मानाने अत्यंत विरळ. अशा दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर ध्वनी पुढे जात नाही, मागे फिरतो. मांस आणि हवा यांच्या सीमेवर तर हजारातील नऊशे नव्व्याण्णव हिस्से ध्वनी परततो. फुप्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश. म्हणजे इतक्या कोटी आरशांची भिंतच! आरशासमोर दिवा धरून आरशामागचे पाहू म्हणणे जसे व्यर्थ, तसेच हे. म्हणून पुष्कळ वर्षे, सोनोग्राफीने फुप्फुस पाहता येत नाही, असेच वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आले. छातीत साचलेले पाणी पाहावे, फार तर पृष्ठभागाला टेकलेला रोग पाहावा, आत मज्जाव.

मग शस्त्रक्रियेच्या वेळीच हा मज्जाव कसा उठतो? त्याचे उत्तर शस्त्रवैद्यापाशी नसून रोग्याच्या डोक्याशी बसलेल्या, भूल देणाऱ्या डॉक्टरांपाशी आहे. छातीच्या शस्त्रक्रियेत ज्या बाजूला काम करावयाचे ते फुप्फुस मिटवून ठेवावे लागते आणि दुसऱ्यावर श्वास चालवावा लागतो. त्यासाठी दोन पोकळ्या असलेली नळी श्वासनालेत घालतात. स्वीडनमधील एरिक कार्लेन्स यांनी अशी नळी १९४९ साली प्रचारात आणली. फुप्फुस मुद्दाम मिटविणे हेही वैद्यकाला अपरिचित नव्हते. क्षयावर औषध नव्हते त्या काळी रोगी फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीच्या पोकळीत हवा भरून ते दाबून ठेवीत. इटलीतील फोर्लानिनी यांनी १८८२ साली ही कल्पना मांडली होती. तो उपचार औषधे येताच मागे पडला, परंतु मिटलेले फुप्फुस कसे वागते याची पुष्कळ माहिती मागे ठेवून गेला.

सोनोग्राफीसाठी मात्र फुप्फुस नुसते मिटून भागत नाही. ते हवेपासून जवळजवळ पूर्ण मुक्त व्हावे लागते. येथे एक साधी युक्ती कामी येते. फुप्फुस बंद करण्यापूर्वी काही मिनिटे रोग्याला शुद्ध प्राणवायू देतात. साध्या हवेत चार-पंचमांश नायट्रोजन असतो आणि तो रक्तात सावकाश शिरतो, त्यामुळे कोंडलेली हवा रेंगाळते. प्राणवायू मात्र रक्त भराभर शोषून घेते. नळीची त्या बाजूची वाट बंद केली, की आत राहिलेला प्राणवायू संपत जातो आणि फुप्फुस निळसर, मऊ, यकृताच्या तुकड्यासारखे होऊन बसते. आरसे एकेक करून नाहीसे होतात. ज्या अवयवाचे सारे जीवित हवेवर, तो घटकाभर हवेवाचून ठेवला असताच त्याचे अंतरंग ध्वनीला दिसते.

आता शोधाला आरंभ होतो. बोटाएवढ्या जाडीची, टोकाशी वाकविता येणारी दांडी, जिला डॉक्टर मंडळी ‘प्रोब’ म्हणतात, छिद्रातून आत सरकवितात. तिच्या टोकाशी स्फटिकांची रांग असते. कंपने सेकंदाला ७५ लाख ते १ कोटी. पोट तपासताना याहून कमी कंपनांचा ध्वनी वापरतात, कारण तो खोल जातो. येथे खोलीपेक्षा बारकावा हवा. १ कोटी कंपनांच्या ध्वनीची लाट मांसात मिलिमीटरच्या सुमारे सातव्या हिस्स्याएवढी असते, म्हणून तिला बारीक गोष्टही चुकत नाही. दांडी आणि फुप्फुस यांच्या मध्ये हवेचा पातळ थरसुद्धा चालत नाही. यासाठी छातीत थोडे मिठाचे निर्जंतुक पाणी सोडतात. तीन सेंटिमीटर खोल असलेल्या गाठीवरून प्रतिध्वनी परत यावयास सेकंदाचा सुमारे पंचवीस हजारावा हिस्सा लागतो, आणि अशा असंख्य प्रतिध्वनींतून पडद्यावर राखी रंगाचे हलते चित्र तयार होते.

सीटी स्कॅन खोली सांगते, तर मग त्या नकाशावरून सरळ जागा का गाठू नये, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. अडचण अशी, की तो नकाशा छाती भरून श्वास घेतलेल्या, उताण्या झोपलेल्या माणसाचा असतो. टेबलावर तोच माणूस कुशीवर आहे आणि फुप्फुस मिटलेले आहे. फुगलेल्या फुग्यावर शाईचा ठिपका ठेवून हवा सोडली, तर ठिपका कोठच्या कोठे जातो. म्हणून नकाशाने गाव दाखवावे आणि घर ध्वनीने शोधावे, अशी कामाची वाटणी होते. कोणत्या खंडात, कोणत्या रक्तवाहिनीच्या आसपास पाहावयाचे हे नकाशावरून ठरवितात आणि तेवढाच भाग प्रोबने इंचाइंचाने पाहतात.

ठोस गाठ असेल तर ती सभोवतालच्या उजळ भागात काळसर, गोल दिसते. कडा उठून दिसतात. रक्तवाहिनीही आडवी कापली गेली तर अशीच गोल काळी दिसते आणि नवशिक्याची हमखास फसगत करते. पण प्रोब थोडा फिरविला की वाहिनी लांबट होते, गाठ गोलच राहते. शिवाय वाहते रक्त यंत्राला रंगाने दाखविता येते. गाठ सापडली की पृष्ठभागावर तिच्या नेमक्या वर खूण करतात, खोली मोजतात, पट्टी किती सोडावयाची ते ठरवितात, आणि मगच कापणारे उपकरण आत जाते. कापलेला तुकडा बाहेर आल्यावर त्यावर पुन्हा प्रोब फिरवून गाठ खरोखर त्यातच आली आहे की नाही हेही पाहता येते. रोग्याला ना किरणांचा त्रास, ना आधीची टोचाटोची. मिलानच्या शस्त्रवैद्यांनी या पद्धतीचा आपला अनुभव १९९९ साली प्रसिद्ध केला.

याहून कठीण परीक्षा होती ती घासलेल्या काचेसारख्या दिसणाऱ्या गाठींची. सीटी स्कॅनवर त्या गाठीसारख्या घट्ट दिसतच नाहीत. धुके साचल्यासारखा एक पुसट ठिपका तेवढा दिसतो. त्यांच्यात हवाही असते. बोटालाही त्या लागत नाहीत, कारण त्या मऊ असतात. फुप्फुसाच्या एका जातीच्या कर्करोगाचा प्रारंभ पुष्कळदा या रूपात होतो, म्हणून त्यांचे महत्त्व मोठे. जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठाच्या शस्त्रवैद्यांनी २००९ साली दाखवून दिले, की फुप्फुस पूर्णपणे मिटले असेल तर अशा गाठीसुद्धा टेबलावर सोनोग्राफीने ओळखता येतात. सारा भर ‘पूर्णपणे’ या शब्दावर आहे.

आणि या विद्येचे दुखणेही तेथेच आहे. वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेल्या माणसाच्या वायुकोशांच्या भिंती फाटून त्यांचे मोठे फुगे होतात. असे फुप्फुस लवकर मिटत नाही. त्यात शिरलेली हवा अडकून बसते. तेथे प्रोब ठेवला तर पडद्यावर चकचकाटाखेरीज काही दिसत नाही. ज्यांना कर्करोगाची गाठ होण्याचा धोका सर्वांत अधिक, त्यांचेच फुप्फुस ध्वनीला सर्वांत कमी वाट देते, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. कधी पुढे-मागे झालेली नळी नीट बसत नाही, कधी जुन्या क्षयामुळे फुप्फुस छातीला चिकटलेले असते, कधी दुसऱ्या एकट्या फुप्फुसावर रोग्याचा प्राणवायू टिकत नाही आणि मिटलेले फुप्फुस मध्येच पुन्हा फुगवावे लागते. की केलेली सारी तयारी वाया. शिवाय चित्र वाचणाऱ्याच्या सरावावर सर्व अवलंबून. सीटी स्कॅनचे चित्र दहा जण सावकाश बसून पाहू शकतात. हे चित्र प्रोब धरणाऱ्याच्या मनगटाबरोबर हलते आणि नाहीसे होते. ज्या रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया महिन्याकाठी एखादी होते, तेथे हा सराव कसा व्हावा? म्हणून तार, रंग आणि वेटोळी ही बाजूला पडलेली नाहीत आणि पडूही नयेत. रोगी पाहून साधन निवडावे, हेच शहाणपणाचे. सोनोग्राफी ही सर्वांवरची तोड आहे असा गाजावाजा कोणी केला, तर तो विक्रेत्याचा समजावा.

या संदर्भात आपल्याकडील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गर्भलिंग तपासणीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला. गर्भाचे लिंग दाखवू शकेल असे यंत्र कोठे आहे आणि कोणाच्या हाती आहे, याची नोंद त्या कायद्याने आवश्यक ठरते. त्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र एका जागेहून दुसरीकडे सहज हलविण्याची वस्तू राहिलेली नाही. छातीच्या शस्त्रवैद्याचा गर्भाशी काडीचा संबंध नसतो. तरीही आपल्या दालनात असे यंत्र आणावयाचे तर त्यालाही नोंदणीचे सोपस्कार चुकत नाहीत. त्यांबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या प्रदेशांत मुलींची संख्या घटली, त्यांनी या कागदपत्रांचा कंटाळा करू नये.

गाठीचा तुकडा बाहेर आला, की तो तातडीने गोठवून, त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तोवर टेबलाभोवतीची माणसे थांबून राहतात. निरोप क्षयाचा आला तर काम तेथेच संपते. कर्करोगाचा आला तर पट्टी पुरेशी आहे का, लसिकाग्रंथी पाहावयाच्या का, आणखी उपखंड काढावयाचा का, याचा विचार होतो. मग छातीत कोमट पाणी भरतात, आणि भूल देणारे डॉक्टर बंद केलेली वाट उघडून हळूहळू हवा सोडू लागतात. निळसर पडलेले फुप्फुस कोपऱ्याकोपऱ्याने गुलाबी होत पाण्यावर येते. कापल्या जागेतून बुडबुडे येतात की काय, ते सर्व जण वाकून पाहतात. कोणी त्याच वेळी प्रोब पुन्हा टेकवून पाहिलाच, तर पडद्यावर आता काही एक दिसत नाही. श्वास परत आलेला असतो.